पायांवरच्या गाठींचे मूळ शोधणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलीच्या पायांवर उठलेल्या गाठींचे कारण आपण चिकाटीने शोधून काढलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आमच्या खानापूर तालुक्यात अशा गाठी ‘उष्णतेच्या’ म्हणून अंगावर काढल्या जातात, म्हणून ते चार जणांच्या वाचनात यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मुलगी पंचवीस वर्षांची, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करणारी. पावसाळ्याच्या तोंडाला तिच्या दोन्ही नडग्यांवर सुपारीएवढ्या लाल, गरम गाठी आल्या. चादरीचा स्पर्शही सोसेना, घोटे सुजले आणि संध्याकाळी अंगात कसर येऊ लागली. सब्जा झाला, चंदनाचा लेप झाला. एका दवाखान्यात किडा चावल्याचे निदान झाले, तर दुसरीकडे काहीच न तपासता स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या अजून सुरू केलेल्या नाहीत, हे ऐकून आपल्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, त्याचा अर्थ मला पुढे पंधरा दिवसांनी कळला.

गाठी नडगीवर आहेत की पोटरीवर, एखादी फुटली आहे का, हे आपण आधी पाहिलेत. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांखाली चाचपलीत आणि कापसाचा बोळा फिरवून तिला डोळे मिटून स्पर्श ओळखायला लावलात. कुष्ठरोगातही अशाच दुखऱ्या गाठी उठतात, मात्र त्या हातांवर आणि चेहऱ्यावरही येतात व नसा जाड झालेल्या असू शकतात, हे सांगताना माझा जीव दडपलेला पाहून आपण लगेच म्हणालात, ‘तसे काही नाही.’ संततिनियमनाच्या गोळ्यांविषयी विचारण्यापूर्वी मला बाहेर बसायला सांगितलेत. तेव्हा थोडे वाईट वाटले. आज त्यातला शहाणपणा पटतो.

या आजाराला एरिथेमा नोडोसम म्हणतात आणि त्यात त्वचेखालच्या चरबीच्या थराला सूज येते, हे आम्हाला आपल्याकडून समजले. ही शरीराची प्रतिक्रिया असते, मूळ दुसरीकडे असते: घशातील स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग, क्षयरोग, सार्कॉइडोसिस (फुप्फुसे व इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), आतड्यांची जुनाट सूज, सल्फाची औषधे, गर्भारपण, आणि कित्येकांत कारण सापडतही नाही. तुकडा काढून तपासण्याची गरज पडलीच, तर तो चरबीपर्यंत खोल घ्यावा लागतो, वरवरचा काढून उपयोग नसतो, हेही आपण समजावलेत. मुलीच्या बाबतीत ती वेळ आली नाही, कारण मान चाचपताना आपल्या बोटांना हरभऱ्याएवढी एक गाठ लागली, जी आम्हा घरच्यांच्याही लक्षात आली नव्हती.

क्षयाच्या संसर्गासाठीच्या मांटू चाचणीचे इंजेक्शन दिल्यावर तिसऱ्या दिवशी आपण तिच्या हातावर बॉलपेनने बाहेरून आत रेघ ओढत आणलीत आणि टणकपणा लागला तिथे थांबलात, मग दुसऱ्या बाजूनेही तसेच केलेत. लाली मोजायची नसते, टणकपणा मोजायचा असतो, असे सांगून पट्टी लावलीत: 22 मिलिमीटर. एवढ्यावरही निकाल दिला नाहीत, कारण ही चाचणी जंतू शरीरात शिरल्याचे सांगते, रोग झाल्याचे नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. मानेच्या गाठीतून सुईने काढलेल्या द्रवाच्या सीबीनॅट तपासणीत (जंतूंच्या जनुकांवरून क्षय ओळखणाऱ्या) मात्र क्षयाचे जंतू सापडले. त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पायाच्या गाठी कदाचित बसल्या असत्या आणि क्षय आतल्या आत पसरत राहिला असता, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

औषधे सरकारी योजनेतून विनामूल्य सुरू झाली. नडग्यांवरच्या गाठी मुका मार लागल्यासारख्या जांभळ्या, मग हिरवट-पिवळ्या होत महिन्याभरात विरल्या. व्रण राहिला नाही. आता चौथा महिना चालू आहे आणि मुलगी पुन्हा कामावर जाते.

आपली मातृभाषा कन्नड, तरीही मला नीट वाचता यावे म्हणून आपण सगळ्या सूचना मराठीत लिहून दिल्यात. ‘लघवी लालसर होईल, घाबरू नये. एकही दिवस चुकवू नये.’ तो कागद आमच्या स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर लावला आहे, आणि रोज सकाळी गोळ्या घेतल्यावर मुलगी त्यावर त्या दिवसाची खूण करते.

आपली ऋणी,
एक आई, खानापूर तालुका