तारांच्या घरात नवा राउटर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरभर केबल टाकलेली असताना आता वायफायसाठी नवा राउटर आणलास, चांगलं केलंस. पण त्या केबल काढायचा विचार मनातूनही काढून टाक. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला केबलच बरी, वायफाय फोन आणि लॅपटॉपपुरतं असू दे.

नव्या राउटरवर इंटरनेट चालतं, पण जुन्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉपमधल्या फाइल उघडत नाहीत, असं लिहिलंस. तू केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत, लावली असणार. मग तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो, आणि त्याच्या आतली यंत्रं बाहेरच्यांना दिसेनाशी होतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, जुन्या राउटरकडेच ठेव, नव्याने फक्त वायफाय द्यावं.

आधी नव्या राउटरची घरच्या नेटवर्कची केबल काढ आणि तो एकट्या लॅपटॉपला जोड. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय द्यायची पद्धत) असेल तर तोच निवड, निम्मं काम तिथेच संपेल. नसेल तर त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, बदल. जुना 192.168.1.1 वर असेल, तर नव्याला 192.168.1.2 दे. जुना राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्यात हा येत नाही ना, तेवढं बघून घे. सेव्ह केलंस की पान बंद पडल्यासारखं वाटेल. घाबरू नकोस, नवा पत्ता टाकून पुन्हा उघड आणि मग डीएचसीपी बंद कर. पत्ता आधी, डीएचसीपी नंतर, हा क्रम सोडू नकोस. वायफायला डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ही सुरक्षा ठेव, पासवर्ड लांबलचक दे.

आता स्विचकडून (घरभरच्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी) येणारी केबल नव्याच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत, लाव, वॅन पोर्ट रिकामा राहू दे. आणि केबल एकच हं! वेग वाढेल म्हणून त्याच स्विचमधून दुसरी जोडलीस, तर लूप होतो, माहितीचे तेच ते तुकडे (पॅकेट) गरगर फिरत राहतात आणि अख्ख्या घराचं नेटवर्क ठप्प होतं.

लॅपटॉप वायफायला जोडून नेटवर्कच्या तपशिलात गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायच्या दाराचा पत्ता, बघ. तिथे जुन्या राउटरचा 192.168.1.1 हवा. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर त्याला कुणी पत्ता दिलेलाच नाही, म्हणजे केबल किंवा पोर्ट तपास.

केबलवर गिगाबिटऐवजी (1000 एमबीपीएस) 100 एमबीपीएसच दिसलं तर राउटरला दोष देण्याआधी प्लग डोळ्यांजवळ धरून बघ. 100 ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला आठही तारा लागतात. क्रिम्प करताना, म्हणजे प्लग केबलवर दाबून बसवताना, एखादी तार टोकापर्यंत पोचलेली नसते, आणि पारदर्शक प्लगमधून ते स्पष्ट दिसतं.

सुटीच्या दिवशी सवडीने कर, कुणाचं काम चालू असताना नको. अडलास तर दोन्ही राउटरचे पत्ते लिहून पाठव.

तुझाच,
जुना मित्र