त्या एका 'च'बद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बौद्ध पुनर्जन्मावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, माझाच चष्मा दगा देतोय. 'माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करतो, तसा आत्मा जुना देह टाकून नव्यात जातो' हे वाक्य तुमच्या लेखकानं खुशाल बुद्धाच्या नावावर चढवलंय. अहो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला २२वा श्लोक! श्लोक सुरेख आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण 'अनत्ता', म्हणजे कायमचा असा आत्मा नाहीच, हे सांगण्यात ज्यानं हयात घालवली, त्यालाच आत्म्याच्या कपड्यांचा हिशेब ठेवायला बसवायचं म्हणजे कमाल झाली.

नेमकी हीच चूक साती नावाच्या भिक्खूनं केली होती. हेच विज्ञान, म्हणजे जाणीव, न बदलता या जन्मातून त्या जन्मात फिरत राहतं, असं तो सांगत सुटला. बुद्धानं त्याला बोलावून घेतलं आणि 'मोघपुरुषा (मूर्ख माणसा), असं मी कुणाला शिकवलं?' म्हणून इतर भिक्खूंदेखत खडसावलं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं ३८वं सुत्त, म्हणजे प्रवचन, आहे, सहज मिळतं. पुढं मिलिंद राजानंही नागसेन या भिक्खूला विचारलं, पुन्हा जन्मतो तो तोच की दुसरा? उत्तर आलं, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत यांचं जसं, तसं. हे समजायला अवघड आहे, कबूल. पण अवघड आहे म्हणून शेजारच्या घरातलं सोपं उचलून आणायचं का?

असो. हे सगळं मी पोटात घातलं असतं. रविवारी असल्या चुका व्हायच्याच. माझं बोट अडलं ते तिसऱ्या स्तंभात: 'जन्मजात व्यंग, आजारपण, दारिद्र्य ही बौद्ध मताप्रमाणे पूर्वकर्माचीच फळं होत.' त्यातल्या 'च'बद्दल हे पत्र आहे.

माझ्या धाकट्या भावाला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. लस निघून बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरापर्यंत ती वेळेत आली नाही, एवढंच त्याचं कारण. पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, गुडघ्यापाशी चामड्याचा पट्टा. चालताना बिजागरी कुरकुरायची, त्यामुळे तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. आठ वर्षांचा असताना घरी आलेल्या एका बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, 'मागच्या जन्मीचं काहीतरी असणार हो, नाहीतर इतक्या गोड पोराच्या वाट्याला हे का यावं?' बाई वाईट नव्हत्या. बोलताना त्यांचे डोळे भरले होते. आई गप्प बसली. रात्री पट्टे सोडता सोडता भावानं मला विचारलं, 'दादा, मी मागच्या जन्मी कुणाला लाथ मारली असेल रे?'

मी तेव्हा बारा वर्षांचा. 'झोप आता' म्हणालो. पण नंतर कित्येक रात्री त्याची यादी चालू होती. कुत्र्याला मारली असेल. एखाद्या म्हाताऱ्याला मारली असेल. आईला तर मारली नसेल ना? न केलेल्या गुन्ह्याचा तपास आठ वर्षांचं पोर एकटंच करत होतं, आणि आरोपीही तेच.

त्याला द्यायचं उत्तर मला चाळिशी उलटल्यावर संयुत्त निकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात सापडलं. मोळियसीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धाला विचारतो, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्यामुळेच. आपलं काय म्हणणं? बुद्ध म्हणतो, काही वेदना पित्तानं होतात. काही कफानं, काही वातानं, काही तिन्ही एकत्र बिघडल्यानं. काही ऋतू पालटल्यानं. काही शरीराची हेळसांड झाल्यानं, काही बाहेरून झालेल्या आघातानं. आणि काही कर्माच्या विपाकानं, म्हणजे फळानं. कर्म आठवं! वर हेही सांगतो, की हे ज्याचं त्याला कळतं, जगालाही मान्य आहे. म्हणून 'सगळं पूर्वकर्मामुळेच' म्हणणारे चुकतात. तुमच्या लेखकानं आधीची सात कारणं गाळली आणि आठव्याला 'च' चिकटवला.

आता कुणी चूळकम्मविभंग सुत्त माझ्यापुढं नाचवेल. वाचलंय मी ते. प्राण्यांना इजा करणाऱ्याला पुढच्या जन्मी आजारपण येतं, असं तिथं बुद्धानं शुभ नावाच्या तरुणाला सांगितलंय खरं. पण पावसानं अंगण ओलं होतं म्हणून ओलं अंगण दिसलं की पाऊसच झाला, असं होत नाही. घागरही लवंडलेली असू शकते. बोधीच्या, म्हणजे ज्ञानप्राप्तीच्या, रात्री पहिल्या प्रहरी बुद्धाला पूर्वजन्म आठवले, असं परंपरा सांगते. ज्याला मानायचं त्यानं मानावं. मी आडवा येत नाही. दुसऱ्याच्या पायाकडे बघून त्याचा मागचा जन्म वाचू नये, इतकंच म्हणतोय.

आणखी एक. मराठीत, बौद्ध पुनर्जन्मावर, पानभर लेख आणि त्यात बाबासाहेबांचं नाव एकदाही नाही? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये त्यांनी सरळ विचारलं, पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा म्हणाल तर मान्य, आत्म्याचा म्हणाल तर नाही. गरिबांच्या, खालच्या मानलेल्यांच्या हालांची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी यासाठीच पूर्वकर्माचा सिद्धांत सोयीचा पडतो, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. पटो न पटो, उल्लेख तरी? की जागा कमी पडली?

जागेचं म्हणावं तर खाली 'मागच्या जन्मी तुम्ही कोण होतात?' ही चौकट छापायला ती होती. मी सोडवली. सेनापती निघालो. पर्याय चारच: राजा, सेनापती, ऋषी, नर्तकी. जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, बोधिसत्त्व (बुद्ध होण्याआधीचा तोच) लावा पक्षी होतो, ससा होतो, माकड होतो, चांडाळाच्या घरी जन्मतो, एका कथेत तर चक्क दरोडेखोर असतो. तुमच्या वाचकांची परंपरा फारच खानदानी दिसते.

अंक माझ्याआधी भावानं वाचला होता. त्याचा सकाळीच फोन आला. 'दादा, माझी केस पुन्हा उघडली बघ,' म्हणाला आणि हसला. तो आता आजोबा आहे, त्याला हसता येतं. मला नाही आलं. दुरुस्ती छापणार असाल तर आठही कारणं छापा, आणि तो 'च' काढलात हेही लिहा.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : 'पुनर्जन्म' या शब्दातला रफार 'ज'वर असतो, 'न'वर नाही. तुम्ही मथळ्यात 'पुर्नजन्म' छापलाय आणि लेखात आणखी चार वेळा. मागच्या महिन्यात याच चुकीबद्दल कार्ड टाकलं होतं. ते छापलंत, पण त्यातही 'पुर्नजन्म'च.