काच दोन बोटं खाली ठेव

प्रिय रोहित,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितोय. मोबाईलवरच टाईप करतोय, चष्मा नवीन आहे, चुका होतील, समजून घे. आधीच सांगतो, भांडण पुढं न्यायला हे लिहिलेलं नाही. रविवारी जे झालं ते झालं. तू ताटावरून उठून गेलास, मटण तसंच राहिलं, मम्मीनं ते संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं, जसं काय तू सुप्यापर्यंत जाऊन परत फिरणार आहेस. मी म्हणलं काढ ते आता. तिनं काढलं नाही.

काल प्रितीशी बोललो. तिच्यावर रागावू नको, तिनं आपणहून सांगितलं नाही, मी खोदून खोदून विचारलं. तू रोज सकाळी नऊला लॅपटॉपची बॅग घेऊन निघतोस, परीला टाटा करतोस आणि सातला परत येतोस. आणि काम तर सप्टेंबरातच सुटलं. मग दिवसभर गाडीत बसून असतोस म्हणे, कुठल्यातरी पार्किंगला. बाळा एकच सांगतो आणि परत सांगणार नाही. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, काचा बंद करून झोपू नकोस. बेसमेंटमध्ये तर अजिबातच नको. तो जो धुरातला गॅस असतो त्याला वास नसतो, माणसाला कळत पण नाही आणि झोप लागल्यासारखं होतं. मी ड्रायव्हर माणूस आहे, मला माहीत आहे. काच दोन बोटं खाली ठेवायची. बस, झालं माझं.

आता मंडळीतलं, म्हणजे रविवारी चर्चमध्ये झालं ते. तू म्हणलास पप्पा तुम्ही माझी लाज काढली. बरोबर आहे. उपासनेच्या आधी पाळकसाहेबांकडं चिठ्ठी मीच दिली होती, ‘मुलाची नोकरी गेली आहे, प्रार्थना करावी’ एवढंच लिहिलेलं. मला वाटलं ते नाव घेणार नाहीत. खरं सांगू, मला काहीच वाटलं नव्हतं, मी घाबरलो होतो. शनिवारी रात्री तू आलास तेव्हा तुझा शर्ट खांद्यावर ढिला दिसत होता, ते बघून रात्रभर डोळा लागला नाही, आणि सकाळी उठून माणूस जे करतो ते मी केलं. पण तुला आधी विचारायला पाहिजे होतं. तू तिथं तिसऱ्या बाकावर बसलेला, आणि सगळ्यांच्या माना खाली, डोळे बंद, तरी सगळे तुझ्याकडेच बघतायत असं. मला कळतंय.

आणि मग जेवताना मी ते बोललो. गर्वाचं घर खाली. हे मी तुला बोललो, ताटावर, तुझ्या पोरीसमोर. तू पण बोललास की तुमचा देव माझा ईएमआय भरणार आहे का, त्याचा मला राग आला, पण आधी कोण बोललं ते मला माहीत आहे.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, मागच्या वर्षीचा भोपळा. आठवतो ना? हंगामाच्या सणाला मंडळीत अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव चालू होता, कोंबड्या गेल्या, उसाची मोळी गेली, आणि भोपळा तीनशेवर अडकला. तू मागून ओरडलास, पाच हजार. अख्खी मंडळी वळून बघायला लागली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मी काय केलं माहीत आहे का, मी पण वळलो, तुझ्याकडे नाही, लोकांकडे. कोण कोण बघतंय ते मोजायला. घरी येईपर्यंत तो भोपळा मी खांद्यावर आणला, रिक्षा मिळत असून. गल्लीत चार जणांनी विचारावं म्हणून. आठ दिवस तो आपण खाल्ला आणि उरलेला मम्मीनं वाटला. त्याच लिलावात शेवंताबाईची सहा अंडी पण होती. ती कितीला गेली कोण जाणे, माझं लक्षच नव्हतं. मंदिरात दोनच टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, टाकणाऱ्या विधवेवर मी स्वतः संदेश दिलाय दोनदा, सायंकाळच्या प्रार्थनेत.

तर गर्वाचं घर खाली हे कुणाला म्हणायचं होतं ते बघ.

बाई, माझी आई, असती तर म्हणाली असती, गवत खाशील. तुझा जन्म झालेला होता, तू लहान होतास, 1998 साली आपल्या घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी वर उभा राहून बाईला म्हणलं होतं, बघ, हे सगळं मी केलं. सोसायटीचं कर्ज, डबल ड्युट्या, दिवाळीला पण गाडीवर. बाई खालून एवढंच म्हणाली, दावीद, गवत खाशील. तेव्हापासून आपल्या घरात तो शब्द रुळला, तुम्हा पोरांना तर वाटायचं नुसती गंमत आहे. पण दानीएलाच्या चौथ्या अध्यायात काय आहे ते मी परवा रात्री परत काढून वाचलं. नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरतोय आणि म्हणतोय हे थोर बाबेल मी माझ्या बळानं बांधलं, आणि शब्द तोंडात असतानाच सगळं गेलं. बैलासारखं गवत खाल्लं, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढले, नखं पाखराच्या नखांसारखी. हे आपण सगळे सांगतो. पण त्याच अध्यायात आधी त्याच्या स्वप्नात ते झाड तोडायचा हुकूम होतो ना, तिथं बुंधा ठेवायला सांगितलंय. लोखंडाचा आणि पितळेचा पट्टा घालून जमिनीत ठेवा म्हणून. इतकी वर्षं वाचतोय, माझी नजर कायम झाड तोडण्यावरच जायची. या वेळी बुंध्यावर थांबली. ज्याला उपटूनच टाकायचंय त्याच्या बुंध्याला कोण पट्टा घालतं?

म्हणजे तुझं झाड देवानं तोडलं असं मी म्हणतोय असं समजू नको. बघ, परत तेच झालं. मी लिहायला बसलो एका गोष्टीसाठी आणि झालं प्रवचन सुरू. माफ कर.

पण हा प्रश्न मला स्वतःला सोडत नाही म्हणून लिहितो, तुझ्यासाठी म्हणून नाही. देव सार्वभौम आहे हे मी चाळीस वर्षं म्हणत आलोय, तोंडपाठ आहे. मग तुझी नोकरी कुणी नेली? त्या कंपनीनं एका दिवसात सत्तर लोक काढले, त्यात गर्विष्ठ पण असतील, गरीब स्वभावाचे पण असतील, कुणाची बायको गरोदर असेल. सगळ्यांना एकदम धडा शिकवायचा होता का? शिलोहाचा बुरूज 18 माणसांवर पडला, ती गोष्ट प्रभूनं स्वतःच काढली होती, आणि तो म्हणाला ते काही यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. मग मी कोण ठरवणारा की तुझ्यावर काय म्हणून आलं.

मोठ्या बाईचं, माझ्या आजीचं, तुला माहीतच आहे, ती दुष्काळात मुक्तीत, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, आलेली पोर. केडगावला, आपलं नगरचं केडगाव नाही, दौंडकडचं. ती पंडिता रमाबाईंना बघितलेली, आणि आम्हा नातवंडांना सारखं सांगायची. मी लहानपणी कंटाळायचो, आता वाटतं सगळं लिहून ठेवायला पाहिजे होतं. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 ला ज्या बाईला पंडिता आणि सरस्वती म्हणलं, तिच्या डोक्यात हवा जायला किती वेळ लागला असता? आई, बाप, बहीण तर दुष्काळाच्या दिवसांत आधीच गेलेले. 1880 ला भाऊ गेला. 1882 ला नवरा गेला, पोर कडेवर. आणि ज्या लेकीच्या हाती मुक्तीचं सगळं काम द्यायचं होतं ती मनोरमा 1921 ला गेली, आईच्या आधी. तरी म्हातारपणी हिब्रू ग्रीक शिकून बायबल मराठीत करत बसलेली, आणि दुसऱ्या वर्षी 5 एप्रिलला स्वतः गेली. आता सांग, ती शिक्षा होती? मोठी बाई म्हणायची, आम्ही पोरी भुकेनं मरत होतो, आम्हाला त्या बाईनं आणलं, तिच्यावर काय काय आलं होतं म्हणून तिला आमची भूक कळली. मोठ्या बाईनं कारण म्हणून नाही सांगितलं ते. नुसतं सांगितलं.

तू म्हणशील पप्पांना गोष्टी सुचतात. हो, सुचतात. झोप येत नाही तर काय करू. तुला येते का? गाडीत नाही म्हणत, घरी. रात्री. प्रिती म्हणाली तू दोन-दोन वाजेपर्यंत हॉलमध्ये असतोस. मी विचारणार नव्हतो.

अजून एक सांगतो मग थांबतो. मला 25 वर्षं विनाअपघातचा बिल्ला मिळाला तो तू शाळेत घेऊन गेला होतास मित्रांना दाखवायला. तो बिल्ला मिळाल्यावर मी काय चालायचो, मम्मीला विचार. पण मी कधी सांगितलं नाही, त्यातली एक रात्र माझी नव्हतीच. 1994 चा पावसाळा, कल्याणहून नगरला येत होतो, टोकावडे सोडलं, माळशेज चढायला लागलो आणि धुकं असं उतरलं की काचेच्या पुढं दूध ओतल्यासारखं. लाईट लावला की अजून पांढरं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, चाळीसेक पॅसेंजर, बहुतेक झोपलेले. थांबावं तर मागून ट्रक येऊन ठोकणार. शेवटी शेखभाई कंडक्टर खाली उतरला, हातात बॅटरी घेऊन पुढं चालायला लागला, आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागं. घाटातला प्रत्येक वळणाचा दगड मला पाठ आहे असं मी स्टँडवर सांगत फिरणारा माणूस. त्या रात्री मला फक्त एक पिवळा ठिपका दिसत होता, हलणारा, आणि मधूनच शेखभाई ओरडायचा, आवो, आवो. क्लचवरचा माझा पाय असा थरथरत होता की मी गुडघा हातानं दाबून धरला. वर पोचल्यावर तो गाडीत चढला, सगळा भिजलेला, आणि म्हणाला चहा पाजा ड्रायव्हरसाहेब.

पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते लगेच स्तोत्र 119 लावतील, तुझे वचन माझ्या पावलांना दिवा. लावू देत. मला आठवतो तो पाय. मी इतका घाबरलेलो असताना पण शेखभाईनं एकदा पण मागं वळून, का हो, पाठ होता ना घाट, असं नाही म्हणलं. मी मात्र रविवारी तुला तेच म्हणलं.

पैशाचं एक. माझी एफडी आहे 2 लाख 40 हजारांची, मार्चमध्ये मोडायची होती, आता पण मोडता येते. तू मागितले नाहीस, मागणार पण नाहीस, माझाच पोरगा आहेस. मी खुबा मोडून पडलो होतो तेव्हा तू हॉस्पिटलचं बिल भरलंस आणि मी चार दिवस तुझ्याशी धड बोललो नाही, आठवतं? पोराच्या पैशावर पडून राहायचं म्हणजे कसं. विनाअपघातवाला माणूस, घराच्या गेटसमोर वाळूवर स्कूटी घसरून पडला आणि पोरानं उचलला. वॉकर घेऊन संडासला जाताना मम्मी म्हणायची, आज शेपू आहे जेवायला, आणि हसायची. गवत.

परीला खरं सांग बाळा. सहा वर्षांची पोर आहे, तिला काय, बाबा घरी आहे म्हणल्यावर नाचेल. सोसायटीतले काय म्हणतील ते म्हणू देत. हे पण लेक्चर झालं का? झालं. राहू दे, तुला वाटेल तेव्हा सांग. पण ती बॅग घेऊन निघणं बघवत नाही रे प्रितीला. मला ऐकवलं नाही.

ईयोबाचे तीन मित्र होते ना, अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्यांना आपण नावं ठेवतो. पण ते आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार होतं हे त्यांना दिसलं. तिथपर्यंत ते बरोबर होते. नंतर तोंड उघडलं आणि घोळ झाला. मी ते सात दिवस बसलोच नाही, थेट आठव्या दिवसापासून सुरू केलं.

तर गुरुवारी मी सकाळची सहाची गाडी पकडतोय. मम्मीला सांगितलंय डोळ्याच्या डॉक्टरकडे चाललोय, ती काही खुळी नाही पण डबा दोघांचा करते म्हणाली. पुण्यात खराडी बायपासला उतरेन. तू जिथं गाडी लावतोस तिथलं लोकेशन पाठव, प्रितीला सांगायची गरज नाही, मी घरी येत नाही. नऊ ते सात मी पण बसतो. देवाबद्दल काही बोलणार नाही, नोकरीबद्दल विचारणार नाही, तुला झोप आली तर झोप, मी जागा असेन. भाकरी आणि ठेचा आहे, आणि रविवारचं मटण नाही पण मम्मी परत करते म्हणाली.

लोकेशन नाही पाठवलंस तरी मी येणार आहे. खराडीत पार्किंगं किती असतील, फिरत बसेन वॉकिंग स्टिक घेऊन.

तुझे,
पप्पा

ता. क. : तोपर्यंत काच खाली. आणि उन्हात लावत असशील तर रेडिएटरचं पाणी बघून घे, मागच्या वेळी कमी होतं.