माझ्या खुर्चीच्या उंचीवरून मैदान पाहिल्याबद्दल

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण सांगितलेत, त्यामुळे ते लिहीत नाही आणि मैदानाचेही नाव देत नाही. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत, कारण आपण जे केलेत ते कोणत्याही मैदानाच्या व्यवस्थापनाला जमण्यासारखे आहे आणि ते नेमके काय होते हे इतरांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

पोलिओमुळे मी लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. क्रिकेटचे वेड वडिलांमुळे लागले, पण मैदानावर जाऊन सामना पाहण्याचा उत्साह मधल्या काळात पार मावळला होता. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर व्हीलचेअरची जागा कोठे आहे हे सहसा कळत नाही आणि दूरध्वनी केला तर ‘या तुम्ही, बघू काहीतरी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. एका मैदानावर मला न विचारता चौघांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते, परंतु हजारो लोकांसमोर सामानासारखे उचलले जाताना काय वाटते हे त्यांना सांगण्याची ती वेळही नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी राखीव जागा होती खरी, पण तिच्यासमोरचा लोखंडी कठडा बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत येत होता. शिवाय स्वच्छतागृहाची खात्री नसल्यामुळे सामन्याच्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी मोजून प्यायचे, ही सवय माझ्यासारख्या बहुतेक जणींना असते आणि तिच्याविषयी आम्ही कोणाशी बोलत नाही.

या पार्श्वभूमीवर, माझ्या चौकशीच्या पत्राला उत्तर म्हणून आपला स्वतःचा दूरध्वनी आला, आणि ‘मोठी चाके धरून खुर्चीची रुंदी किती?’ हा आपला पहिलाच प्रश्न ऐकून मला केवढा दिलासा मिळाला असेल याची आपण कल्पना करावी. भावाला फोन द्या, असे आपण म्हणाला नाहीत. जे विचारायचे ते मलाच विचारलेत. त्यानंतर आपण वाहनतळापासून आसनापर्यंतचा मार्ग टेप घेऊन मोजलात, रॅम्प जेथे संपतो तेथे उंबरठा आहे हे आपल्या लक्षात आले आणि सुताराकडून त्यावर तिरकी फळी बसवून घेतलीत. दोनच इंच उंचीचा तो उंबरठा चालणाऱ्याला दिसतही नाही, पण खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी तेथेच अडतात आणि मागून कोणी जोर लावला तर बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते.

तथापि मला सर्वांत मोलाची वाटली ती आपण केलेली नजरेची पारख. राखीव जागेवर आपण स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसलात, सहकाऱ्यांना पुढच्या रांगेत उभे राहायला सांगितलेत आणि तेथून खेळपट्टी दिसत नाही हे पाहून ती जागाच बदललीत. क्रिकेटमध्ये हा प्रश्न फार बोचरा आहे, कारण षटकार गेला किंवा गडी बाद झाला की सारे मैदान उभे राहते. ज्या क्षणासाठी एवढे पैसे मोजून यायचे, नेमक्या त्याच क्षणी माझ्यासमोर पाठमोऱ्या जर्सींची भिंत उभी राहत असे आणि काय झाले ते आरोळीवरून ताडावे लागे. आपण दिलेल्या उंच चौथऱ्यावरून मला चेंडू उंच उडाल्यापासून सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावेपर्यंत अखंड दिसला. समोरचे सगळे उभे होते, तरीही दिसला. भाऊ मागे कोठेतरी न बसता माझ्या शेजारी होता, त्यामुळे झेल सुटणार की टिकणार यावर आम्ही घरी घालतो तसा वाद तेथेही घालता आला.

ही गोष्ट बारीकसारीक नव्हे. वॉशिंग्टनमधील एका क्रीडागृहाविरुद्ध तेथील अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने दाद मागितली, तेव्हा १९९७ साली अपील न्यायालयाने पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी व्हीलचेअरच्या जवळपास सर्व जागांवरून खेळ दिसला पाहिजे, ही अपेक्षा उचलून धरली. इंग्लंडमधील फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी ऑगस्ट २०१७ पर्यंत आपली मैदाने सुगम करण्याचे वचन २०१५ मध्ये दिले; काही क्लब मुदतीत मागे पडले, पण निदान त्यांना जाब विचारायला एक तारीख तरी होती.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत जनतेच्या वापरातील खासगी इमारती आणि मनोरंजनाची ठिकाणेही येतात, आणि जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मधले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे स्पष्ट केले. हे सारे आपणांस सांगण्याचे कारण एवढेच की आपण फळी बसवलीत तेव्हा नियमावर बोट ठेवणारे आपल्यासमोर कोणीही नव्हते.

सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, त्याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. परंतु दिव्यांग माणसाने मैदानावर यायचे तर पदकच जिंकायला हवे असे नसावे. मला साधा प्रेक्षक व्हायचे होते, ओरडायचे होते, पंचाच्या निर्णयावर नाराज व्हायचे होते, आणि ते आपल्यामुळे घडले.

स्वच्छतागृहाची किल्ली स्वतःजवळ ठेवून, त्यात पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि झाडू-पोछे साठू न देणाऱ्या सफाई कर्मचारी ताईंना माझे आभार जरूर कळवावेत. त्यांच्यामुळे मी त्या दिवशी दोनदा चहा घेतला. ज्यांनी फळी बसवली त्या सुतारांनाही सांगावे की कडा घासून गोल केल्यामुळे चाक जराही अडखळले नाही.

एक विनंती आहे. ती फळी मोडीत काढू नये आणि मोजलेल्या मार्गाची माहिती तिकीट विक्रीच्या पानावर द्यावी, म्हणजे पुढच्या माणसाला आपला दूरध्वनी क्रमांक शोधत बसावे लागणार नाही. पुढच्या हंगामात माझ्या दोन मैत्रिणी येऊ इच्छितात. त्यांपैकी एकीची खुर्ची मोटारीवर चालणारी असून वजनाने बरीच जड आहे, तेव्हा ती फळी तो भार पेलेल का हे आधी तपासून घ्यावे लागेल. खुर्चीचे वजन आणि मापे मी या पत्राबरोबर स्वतंत्र कागदावर पाठवत आहे.

आपली ऋणी,
एक क्रिकेटप्रेमी, पुणे