नव्या बोटीच्या पहिल्या मोसमासाठी

डुलुथ, मिनेसोटा
१४ एप्रिल

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

बोट घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट, ९.९ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि खाली जुना ट्रेलर. मिनेसोटातल्या बहुतेक तळ्यांना याहून मोठं काही लागत नाही. वॉलआय माशाचा मोसम मेच्या मध्यात उघडतो, म्हणजे हाताशी महिना आहे. हा महिना गळ आणि रंगीबेरंगी आमिषं गोळा करण्यात घालवू नकोस. आधी ट्रेलरखाली शीर. छोट्या बोटीची बहुतेक दुखणी नको तिथे शिरलेल्या पाण्यामुळे होतात, आणि सुरुवात चाकांपासून होते.

हायवेवर तासभर धावलं की ट्रेलरचा हब (चाकाचा मधला तुंबा, ज्यात बेअरिंग असतात) चांगलाच तापतो. तो तसाच थंडगार तळ्यात बुडवला, तर आतली हवा आकसते आणि मागच्या सीलजवळून पाणी आत ओढून घेते. ग्रीस बिघडतं, बेअरिंगला गंज धरतो आणि मग कधीतरी भर रस्त्यात चाक जाम होतं, क्वचित निखळून पडतं. म्हणून रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) पोचलास की हब कोमट होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांब. वाटेतही पहिल्या पंधरा-वीस मैलांनंतर गाडी बाजूला घेऊन दोन्ही हबना हात लावून पाहा. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथून पुढे जाऊ नकोस.

आधीच्या मालकाने काय केलं होतं ते कळायला मार्ग नाही, तेव्हा दोन्ही हब या महिन्यात उघडच. ट्रेलर गाडीला जोडलेला ठेव, दुसऱ्या चाकाला ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर) लाव, जॅकवर उचलून खाली स्टँड दे. वरची टोपी, कॉटर पिन, खाचांचा नट, वॉशर, मग बाहेरचं बेअरिंग. हब ओढून काढलास की आतलं बेअरिंग सीलमागे दिसेल. सगळं मिनरल स्पिरिटमध्ये धुऊन पूर्ण वाळव, पण कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नकोस. रोलरवर निळसर झाक, खड्डे किंवा चरे दिसले तर बेअरिंग बदल आणि त्याच्यासोबत हबमध्ये ठोकून बसवलेली कडीही बदल. नवं बेअरिंग जुन्या कडीत लवकर खराब होतं. एवढ्या ट्रेलरला बहुधा एक पूर्णांक एक षोडशांश इंची दांडा असतो, त्याला एल ४४६४९ बेअरिंग आणि एल ४४६१० कडी लागते. तरी जुन्यावर कोरलेला नंबर वाचूनच माल आण.

ग्रीस भरताना घाई करू नकोस. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कडा त्यात पुन्हा पुन्हा दाबत जायचं, रोलरांच्या फटींतून ते दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. नुसतं बाहेरून फासलेलं ग्रीस आतपर्यंत जात नाही. पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस घे, आणि जुनं कुठलं होतं ते माहीत नसेल तर थेंबभरही शिल्लक ठेवू नकोस, कारण काही प्रकार एकत्र आले की पातळ होऊन गळतात. सील दरवेळी नवं. नट आवळताना हब हाताने फिरवत राहा. जड वाटू लागला की नट सैल कर, मग नुसत्या बोटांनी बसेल तेवढाच आवळ, खाच जुळव आणि नवी कॉटर पिन घाल. चाकाला वर-खाली धरून हलवल्यावर खडखड व्हायला नको आणि फिरवल्यावर अडकायलाही नको. हबवर ग्रीस भरायची स्प्रिंगवाली टोपी असेल तर ग्रीस गनचे दोन-तीन दाब पुरे. जास्त दाबलंस तर मागचं सीलच बाहेर ढकललं जाईल आणि पाण्याला वाट मोकळी होईल.

टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी भरवसा ठेवू नकोस. कडेला कोरलेल्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघ: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदल. हवा टायर थंड असताना, टायरवर लिहिलेल्या दाबाइतकी पूर्ण भर. ट्रेलरचे टायर बहुधा कमी हवेनेच फुटतात. गाडीच्या हुकावर पडणारं वजन एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के हवं. घरातला वजनकाटा ट्रेलरच्या तोंडाखाली ठेवून मोजता येतं. वजन कमी पडलं तर ट्रेलर मागे शेपटीसारखा झुलतो. अशा वेळी विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब थोडा मागेपुढे करून बोट सरकवायची. दिवे लागत नसतील तर बल्बांच्या मागे लागण्याआधी पांढरी वायर तपास. ती अर्थिंगची असते, आणि बहुतेक वेळा तीच गंजलेली निघते.

बोट ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्या खास पाहा. आधीच्या माणसाने तांब्याचं रसायन मुरवलेलं लाकूड वापरलं असेल आणि वरचा गालिचा फाटून ॲल्युमिनियम थेट त्याला टेकत असेल, तर तिथे पत्रा खड्डे पडून पोखरला जातो. साधं लाकूड, वर नवा गालिचा, खिळे स्टेनलेसचे. रिव्हेटमधून गळतं का हे पाहायला बोट ट्रेलरवर असताना मागच्या भागात दोन-तीन इंच पाणी सोड आणि खालून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने खूण कर. बोट काठोकाठ भरू नकोस, तेवढं वजन ट्रेलरला झेपणार नाही.

आता इंजिन. गिअरचं तेल काढताना आधी खालचा स्क्रू, मग वरचा. चहात दूध जास्त पडावं तसं तेल आलं, तर सील गेलं आणि पाणी आत आहे असं समज. हे ऑक्टोबरात न चुकता पाहायचं, कारण आपल्याकडच्या थंडीत आतलं पाणी गोठून पूर्ण केसिंग तडकतं. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने भर, वरून बुडबुडे थांबून तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लाव, मगच नळी काढून खालचा. दोन्ही वॉशर नवे. सील जायचं नेहमीचं कारण म्हणजे प्रोपेलरमागे गुंडाळलेला गळाचा दोर, तेव्हा मोसमात अधूनमधून प्रोपेलर काढून दांडा साफ कर. इंजिन सुरू असताना मागून पाण्याची बारीक धार पडायलाच हवी. बंद पडली तर लगेच इंजिन थांबव. कचऱ्याने भोक बुजलं असेल, नाहीतर आतला रबरी इम्पेलर (पाणी खेचणारा पंखा) गेला असेल. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलावा. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नकोस. पेट्रोल इथेनॉल नसलेलं घे; मिनेसोटात ते बोटींसाठी पंपावर मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि हिवाळाभर उभ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर चिकटवून ठेवतं.

रॅम्पवर लोकांना खोळंबून ठेवणं वाईट दिसतं, म्हणून तयारी बाजूला थांबून कर: सामान चढव, मागचे पट्टे सोड, दिव्यांची वायर काढ, आणि बोटीच्या तळातल्या पाणी काढायच्या भोकाला बूच लाव. विंचचा पट्टा मात्र पाण्याच्या काठापर्यंत सोडायचा नाही, नाहीतर बोट काँक्रीटवर घसरते. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात न्यायचा. जमेपर्यंत रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव कर.

मासे सांगतो. मे महिन्यात वॉलआय अंडी घालून नुकतेच मोकळे झालेले असतात आणि पाच ते बारा फूट पाण्यात, वाळू-गोट्यांच्या काठाशी, नद्यांच्या मुखाशी फिरतात. त्यांचे डोळे अंधूक उजेडात छान काम करतात, म्हणून संध्याकाळ आणि ढगाळ हवा उत्तम. वारा ज्या काठावर आदळतो तो काठ धर. लाटांनी उजेड फुटतो आणि बारके मासे तिथे जमतात. एक अष्टमांश औंसाचा जिग (वजन लावलेला गळ), त्याला शायनर (आमिषाचा बारका मासा), आणि सहा किंवा आठ पौंडी साधा दोर. जिग तळाला टेकव, सहा इंच उचल, दोर ताणलेला ठेवूनच परत खाली जाऊ दे. चावा बहुधा खाली जाताना येतो, नुसता जडपणा जाणवतो. रीळचा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोर सुटू देणारा ब्रेक) दोराच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेव. गाठ मारताना पाच वेढे घे आणि आवळण्याआधी थुंकीने ओली कर, कोरडी आवळली की दोर भाजतो. वेणीच्या दोराला ही गाठ घसरते, त्याला पालोमार गाठ घाल. जूनमध्ये पाणी तापलं की शायनर सोडून जळू लाव. आणि लक्षात ठेव, इथे उघड्या पाण्यात माणशी एकच दोर चालतो. पकडीची मर्यादा तळ्यागणिक वेगळी असते, दरवर्षी नियमपुस्तिका पाहायचीच.

मुलांसाठी ब्लूगिल हा छोटा मासा. छोटा गळ, गांडुळाचा तुकडा, तरंगता बोळा. मे अखेर ते जूनमध्ये ते उथळ पाण्यात गोल घरटी करतात. तिथले मोठे नर सोडून द्यायला मुलांना शिकव. मोठे नर उचलले की लहान नर लवकर वयात येतात आणि तळ्यात कायम खुजेच मासे राहतात. दहा वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. तू आणि वहिनींनीही घाला. मेमधलं पाणी इतकं गार असतं की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत गळाठतो.

परतताना बूच काढ, पाणी सांडून दे आणि ट्रेलरला अडकलेलं शेवाळ-गवत खेचून टाक. बूच काढून ठेवूनच गाडी हाकायची, हा इथला कायदा आहे. उरलेलं आमिष तळ्यात नाही, कचऱ्यात. झेब्रा शिंपल्यांची (बाहेरून येऊन तळी बळकावणाऱ्या बारक्या शिंपल्यांची) पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीतल्या पाण्यातून प्रवास करतात. मिल लॅक्ससारख्या प्रचंड तळ्यात हे शिंपले २००५ साली सापडले आणि नंतर गेलेच नाहीत. दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी बोट पाच दिवस वाळव, किंवा १४० अंश फॅरनहाइटच्या पाण्याने प्रत्येक भाग निदान दहा सेकंद धू.

हब उघडल्यावर बेअरिंगचे फोटो पाठव, बदलायचे की नाही ते बघून सांगतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश