मावशीला, उपासाच्या हिशोबाबद्दल

ग्लासगो

प्रिय मावशी,
सप्रेम सलाम.

साखरेमुळे डॉक्टरांनी उपास बंद केले, ईस्टरआधीचे ४० दिवस पाळता आले नाहीत, मग आता तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं काय, असं तू ताईला विचारलंस म्हणे. फोनवर वचनं उलगडत नाहीत, म्हणून पत्र. पवित्र शास्त्र आणि पेन्सिल घेऊन बस.

उत्पत्ती १५:६ काढ. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून मोजलं. आता १६:१६ बघ. त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. मग १७:२४, सुंता झाली तेव्हा ९९. वजाबाकी कर. सुंतेचा नियम येण्याआधी किमान १३ वर्षं हा माणूस देवाच्या वहीत नीतिमान होता! रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल नेमकं हेच विचारतो, सुंतेआधी की नंतर? मोशेचं नियमशास्त्र तर, गलती ३:१७ प्रमाणे, वचनानंतर ४३० वर्षांनी आलं. जे नंतर आलं ते आधीच्याची अट कशी होईल?

“पण याकोब आपल्या पत्रात म्हणतो कृत्यांवाचून विश्वास निर्जीव,” हे तू म्हणणारच. बरोबर आहे. याकोब उदाहरण देतो ते इसहाकाला अर्पण करायला नेल्याचं, म्हणजे उत्पत्ती २२ चं. तिथे इसहाक लाकडं वाहण्याइतका मोठा झालेला आहे. पंधराव्या अध्यायातल्या विश्वासाला कितीतरी वर्षांनी आलेलं ते फळ. दोघेही तेच १५:६ पुढे करतात. पौल खातं उघडल्याची तारीख सांगतो, याकोब ते खातं चालू असल्याची खूण. आणि कृपा आहे म्हणून खुशाल पाप करावं का, याचं उत्तर रोम ६:२ मध्ये एका फटक्यात दिलेलं आहे.

खात्रीसाठी मला सगळ्यात आवडतो तो इफिस १:१४ मधला ‘विसार’ हा शब्द. आपल्या नागपुरात बेस्याकडे प्लॉटचं ठरलं की आगाऊ रक्कम देऊन इसारपत्र होतं, तोच हा. विसार देतो प्लॉट विकत घेणारा, आणि तो मागे फिरला तर बुडतो त्याचा पैसा. इथे विसार म्हणजे पवित्र आत्मा, आणि देणारा देव. त्याच ओळीच्या शेवटी आपल्याला देवाची स्वतःची मालमत्ता म्हटलंय. म्हणजे या सौद्यात आपण प्लॉट! प्लॉटने रोज उठून आपली किंमत फिटली की नाही हे कशाला तपासावं?

चुकतं ते इथेच. प्रार्थनेत मन लागलं तर तारण आहे, नाही लागलं तर गेलं, असा ताप मोजत बसतो आपण. १ योहान ५:१३ मध्ये शब्द आहे ‘कळावे’, ‘वाटावे’ नव्हे. कोरड्या दिवशीही ते वचन तसंच छापलेलं असतं.

उपास वाईट नाही. पण तो मजुरीच्या हिशोबाने केला की रोम ४:४ लागू होतं, कारण मजुरी दिली जाते ती देणं म्हणून, दान म्हणून नाही. लूक १८ मधला परूशी, म्हणजे कडक नियम पाळणारा धार्मिक माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करायचा आणि दशांशही द्यायचा. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो पापी समजला जाणारा जकातदार.

आपल्या नागपुरातल्या सदरच्या कॅथेड्रलचंच बघ. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांची चर्चेस, एक होऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली. त्यांत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, मोठेपणीच देणारेही होते. दोन्ही रीती राहू दिल्या. रीतीवरच तारण लटकलं असतं तर हे जमलं असतं का?

आणि तू प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या वेळी, मागेच बसतेस, हेही ताईने सांगितलं. १ करिंथ ११:२७ मध्ये ‘अयोग्य प्रकारे’ घेण्याबद्दल लिहिलंय, अयोग्य माणसाबद्दल नाही. तो प्रकार कोणता ते २१ व्या ओळीत आहे: एक जण उपाशी, दुसरा पिऊन तर्र, कोणी कोणासाठी थांबत नाही. तुझ्या साखरेचा त्याच्याशी संबंध नाही. येत्या प्रभुभोजनाला पुढे जा. सकाळची गोळी मात्र नाश्त्याबरोबरच घे. उपाशीपोटी गोळी घेऊन चर्चमध्ये उभी राहिलीस तर चक्कर येईल.

काकांना सलाम, पोरांना पापे.

तुझा,
बंटी