आधी केंद्रनिहाय आकडे दाखवा

व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर निवडणूक मंडळाने तेव्हाचे अध्यक्ष निकोलस मादुरो यांना विजयी घोषित केले, पण मतदान केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. विरोधकांनी मतदान यंत्रांतून निघालेल्या लांबलचक पावत्या गोळा करून बहुतांश केंद्रांचे निकाल लोकांपुढे ठेवले. त्यात विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोन्झालेझ बरेच पुढे होते.

अशा वेळी 'त्यांचा अंतर्गत प्रश्न' म्हणून इतर सरकारांनी गप्प बसणे मला पटत नाही. कसे बोलावे, हे ब्राझील, कोलंबिया आणि मेक्सिकोने दाखवले. विजेता कोण हे न ठरवता त्यांनी केंद्रनिहाय निकाल मागितला. याउलट २०१९ मध्ये पन्नासहून अधिक देशांनी तिथले विरोधी नेते हुआन ग्वाइदो यांना परस्पर अध्यक्ष मानले, सत्ता मात्र मादुरोंकडेच राहिली.

मी शिक्षक असताना अनेकदा निवडणुकीच्या कामावर होतो. किती मते पडली याचा हिशेब, १७-सी नमुन्याची सही केलेली प्रत, उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या हाती दिल्यावरच आम्ही यंत्रे घेऊन निघायचो, कितीही उशीर होवो. व्हेनेझुएलाची राजधानी कराकसमधल्या मतदारासाठी असाच कागद मागणे ही ढवळाढवळ कशी? १० जानेवारी २०२५ ला मादुरोंनी पुन्हा शपथ घेतली, तेव्हाही ते आकडे बाहेर आले नव्हते.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा